पोर्तुगालचा ख्रिस्तसंघ: वस्त्र, क्रूस आणि राजसत्ता

पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील राज्याच्या कागदपत्रांत ‘हाबितु द क्रिश्तु’ हा शब्दप्रयोग वारंवार आढळतो. अमुक एका कप्तानाने हिंदुस्थानात इतकी वर्षे चाकरी केली, अमुक वेढ्यात तो जखमी झाला, सबब त्यास ‘ख्रिस्ताचे हाबितु’ देण्यात यावे, अशा आशयाचे अर्ज लिस्बनला जात आणि राजाच्या मर्जीप्रमाणे त्यांचा निकाल लागे. ‘हाबितु’ या शब्दाचा मूळ अर्थ वस्त्र, आणि त्यातही मठवासीयाने दीक्षेच्या वेळी अंगावर घ्यावयाचे वस्त्र. मराठीत त्यासाठी ‘पदक’, ‘किताब’ किंवा ‘सरदारकी’ असे प्रतिशब्द सुचू शकतात. परंतु पदकात व्रताचा भाग सुटतो, किताबात उत्पन्नाचा सुटतो आणि सरदारकीत धर्माचा. मराठी राजव्यवहारातला सर्वांत जवळचा शब्द ‘वस्त्रे’ हा होय. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथास पेशवेपदाची वस्त्रे मिळाली असे म्हटले म्हणजे ती वस्त्रे कोणत्या कापडाची होती हे कोणी विचारीत नाही. वस्त्रे म्हणजे पद, आणि पद म्हणजे छत्रपतींची कृपा, हा अर्थ गृहीतच असतो. पोर्तुगालचे ‘हाबितु’ सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात जवळजवळ याच अर्थाला येऊन पोहोचले होते. मात्र ते जेथून निघाले ते ठिकाण राजाचा दरबार नव्हते. ते देवालयाची वेदी होते, आणि या प्रवासातच ख्रिस्तसंघाचा इतिहास सामावलेला आहे.

ज्याला युरोपीय भाषांत ‘ऑर्डर’ म्हणतात त्याला मराठीत एक शब्द देणे अवघड आहे. मठवासीयांची परंपरा, तिचा नियम आणि तिचे सभासद या तिन्ही गोष्टी त्या एका शब्दात येतात. लष्करी ‘ऑर्डर’ म्हणजे शस्त्र धारण करणाऱ्या व्रतस्थांचा संघ. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते घ्यावयाची, समाईक पंगतीत जेवावयाचे, नेमलेल्या वेळी प्रार्थना म्हणावयाची आणि प्रसंगी लढावयाचे, असा त्याचा आचार. शस्त्रधारी गोसाव्यांचे आखाडे भारतीय अभ्यासकांस परिचित असल्यामुळे ही कल्पना त्यांना विचित्र वाटू नये. तथापि साम्य तेवढ्यावरच थांबते. आखाड्यांना मान्यता देणारी किंवा रद्द करणारी एखादी केंद्रीय धर्मसत्ता नव्हती. युरोपातील संघ मात्र पोपच्या आज्ञापत्राने जन्मास येई आणि त्याच्याच आज्ञापत्राने नाहीसा होई. ख्रिस्तसंघाची स्थापना अशाच एका मृत्यूतून झाली.

तो मृत्यू टेंपल संघाचा. सुमारे १११९ मध्ये जेरुसलेम येथे उदयास आलेल्या या संघाने पोर्तुगालमध्ये ११२८ पासूनच पाय रोवले होते. पोर्तुगाल हे राज्य तेव्हा अद्याप घडत होते. दक्षिणेकडील प्रदेश मुसलमान राजवटींच्या ताब्यात होता, आणि सरहद्दीवर किल्ले राखण्यासाठी राजे या संघास जमिनी देत. संघाचा पोर्तुगालमधील प्रमुख गुआल्दिं पाइश याने ११६० मध्ये तोमार येथे किल्ला बांधावयास घेतला. तेथील वर्तुळाकार देवालय आजही उभे आहे. पुढे फ्रान्सचा राजा चौथा फिलिप याने १३ ऑक्टोबर १३०७ रोजी आपल्या राज्यातील टेंपल वीरांना एकाच दिवशी अटक केली, त्यांच्यावर पाखंडाचे आरोप ठेवले, आणि १३१२ मध्ये पोप पाचवा क्लेमेंट याने हा संघ रद्द केला. त्याची मालमत्ता हॉस्पिटल संघाकडे जावी असा सर्वसाधारण निर्णय झाला. आयबेरियातील राज्यांपुरता मात्र अपवाद ठेवण्यात आला.

या अपवादाचा जो उपयोग पोर्तुगालचा राजा दिनिश याने केला त्यात राजनीतीचे उत्तम दर्शन घडते. त्याने संघाच्या जमिनी राजसत्तेच्या ताब्यात घेऊन ठेवल्या, त्या पूर्वजांनी राज्यरक्षणासाठी दिल्या होत्या हा दावा पोपच्या दरबारात लावून धरला, आणि त्या परदेशस्थ सत्तेच्या हाती जाऊ नयेत यासाठी नवा संघ मागितला. १४ मार्च १३१९ रोजी पोप बाविसावा जॉन याने त्यास संमती दिली. नव्या संघाचे नाव ‘येशू ख्रिस्ताची सेना’ असे ठेवण्यात आले; कालात्राव्हा या स्पॅनिश संघाचा नियम त्यास लावण्यात आला आणि आल्कोबासा येथील सिस्टर्शियन मठाधिपतीकडे देखरेख सोपविण्यात आली. पहिला प्रमुख जील मार्तीन्श हा आव्हिस संघातून आणला गेला. जुन्या टेंपल संघाचे अनेक वीर नव्या संघात सामावले गेले. मुख्य ठाणे प्रथम दक्षिणेस काश्त्रो मारीं येथे होते, ते १३५७ मध्ये तोमार येथे हलविण्यात आले. माणसे बऱ्याच अंशी तीच, जमिनी त्याच, आणि शेवटी किल्लाही तोच. बदलले ते नाव, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे संघाची निष्ठा कोणत्या राज्याशी बांधलेली आहे हे. टेंपल संघ साऱ्या ख्रिस्ती जगाचा होता. ख्रिस्तसंघ एका राज्याचा होता.

चिन्हाचा विचार येथेच करणे योग्य ठरेल. टेंपल वीरांच्या शुभ्र झग्यावर तांबडा क्रूस असे. ख्रिस्तसंघाने पांढरा झगा आणि तांबडा क्रूस दोन्ही ठेवले. परंतु क्रूसाच्या बाहू टोकांकडे रुंदावलेल्या ठेवून त्याच्या पोटात एक सडपातळ पांढरा क्रूस घातला. दुरून पाहिले तर तांबडा क्रूस, जवळून पाहिले तर तांबड्यात पांढरा. या पांढऱ्या क्रूसाचा अर्थ निष्कलंकता असा लावण्याची प्रथा आहे: ज्यांच्यावर पाखंडाचा डाग लावण्यात आला त्यांच्या वारसांनी तो धुऊन काढला, असे जणू हे चिन्ह सांगते. अर्थ सुंदर आहे, आणि चिन्हांचे सुंदर अर्थ बहुधा नंतर सुचलेले असतात. निश्चित एवढेच की या एका पांढऱ्या रेषेमुळे जुना संघ आणि नवा संघ हे वेगळेही राहिले आणि एकमेकांचे वारसही ठरले. राजा दिनिश यास हव्या असलेल्या तडजोडीचे याहून नेमके चित्र काढता आले नसते.

१४२० मध्ये राजपुत्र हेन्री, ज्याला पुढे ‘नाविक’ हे विशेषण चिकटले, तो संघाचा प्रशासक झाला. त्याने स्वतः दीक्षा घेतली नव्हती. व्रतस्थांच्या संघाच्या शिरोभागी राजघराण्यातील एक अदीक्षित पुरुष बसला, ही गोष्ट तेव्हाच पुष्कळ काही सूचित करीत होती. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेकडे जाणाऱ्या मोहिमांच्या खर्चात संघाच्या उत्पन्नाचा मोठा वाटा होता. पोर्तुगालच्या भूमीवर लढावयास मुसलमान उरले नव्हते. तेव्हा संघाचे रणांगण समुद्रावर गेले असे म्हणता येईल. अर्थात त्या मोहिमांत सोने आणि गुलाम यांचा व्यापारही होता, आणि क्रूसाने तो झाकला जात नाही.

या मोहिमांचे धर्मशास्त्रीय फळ १४५६ मध्ये पदरात पडले. पोप तिसरा कॅलिक्स्टस याने १३ मार्च १४५६ च्या आज्ञापत्राने नव्याने सापडलेल्या आणि पुढे सापडतील अशा प्रदेशांचा आध्यात्मिक अधिकार ख्रिस्तसंघास दिला, आणि या अधिकाराची व्याप्ती थेट ‘इंडियनांपर्यंत’ सांगितली. वास्को द गामा कालिकतास पोहोचण्यापूर्वी ४२ वर्षे हा शब्द लिहिला गेला. ‘इंडियन’ म्हणजे नेमके कोण, याची त्या काळच्या युरोपात कमालीची संदिग्धता होती. इथिओपियाही कित्येकदा त्या नावात येई. तरीही कागदोपत्री भारत एका पोर्तुगीज मठाच्या अधिकारक्षेत्रात येऊन बसला, तोही भारतात कोणाला त्याची वार्ता नसताना.

हा केवळ कागदी विलास नव्हता. ख्रिस्तसंघाचा तोमार येथील धर्माधिकारी हा समुद्रापलीकडील सर्व पोर्तुगीज ठाण्यांचा धर्मप्रमुख मानला जाई, आणि ही व्यवस्था १५१४ मध्ये मदैरा बेटावरील फुंशाल येथे बिशपपीठ स्थापन होईपर्यंत टिकली. म्हणजे १५१० मध्ये गोवा जिंकल्यानंतर सुमारे चार वर्षे मांडवीकाठचा नवा ख्रिस्ती समाज धर्मदृष्ट्या थेट तोमारच्या टेकडीवरील मठाखाली होता. पुढे तो फुंशालखाली गेला. १५३४ मध्ये गोव्यास स्वतंत्र बिशपपीठ मिळाले आणि काही दशकांतच ते आर्चबिशपपीठ झाले.

राजा मानुएल याच्या कारकिर्दीत संघ आणि सिंहासन यांतील अंतर मिटत गेले. १४८४ पासून संघाचा कारभार त्याच्याकडे होता आणि १४९५ मध्ये तो राजा झाला. याच सुमारास पोपच्या दरबाराने वीरांना व्रतांतून एकामागून एक सवलती दिल्या. ब्रह्मचर्याच्या जागी वैवाहिक निष्ठा पुरेशी मानली गेली; दारिद्र्याच्या व्रताची जागा उत्पन्नाचा ठराविक भाग देण्याने घेतली. तीन व्रतांपैकी उरले ते आज्ञापालन, आणि आज्ञा करणारा राजा होता.

१४९७ च्या उन्हाळ्यात वास्को द गामास निरोप देताना मानुएलने त्याच्या हाती ख्रिस्तसंघाचा क्रूस असलेला रेशमी ध्वज दिला. गलबते ८ जुलै रोजी लिस्बनजवळच्या रश्तेलो येथून निघाली. तेथील खलाशांचे देवालय हेन्रीने संघासाठी बांधलेले होते, आणि आदल्या रात्री गामा व त्याचे सोबती तेथे जागर करीत होते. गंमतीचा भाग असा की गामा त्या वेळी ख्रिस्तसंघाचा नव्हताच. तो प्रतिस्पर्धी सांतियागो संघाचा वीर होता. ख्रिस्तसंघात तो १५०७ मध्ये आला. सोळाव्या शतकातील चित्रांत पोर्तुगीज आरमारांच्या शिडांवर जो तांबडा क्रूस फडकताना दिसतो, त्याच्या खाली उभ्या असलेल्या प्रत्येकाने त्याची दीक्षा घेतली होती असे समजण्याचे कारण नाही. चिन्ह व्रतापासून सुटून राज्याचे झाले होते.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा गोव्याच्या नाण्यांत सापडतो. १५१० मध्ये आफोंसो द आल्बुकर्क याने गोव्यात नवी नाणी पाडली. त्यांच्या एका बाजूस ख्रिस्तसंघाचा क्रूस होता आणि दुसऱ्या बाजूस गोलयंत्र, म्हणजे खगोलाची वर्तुळे दाखविणारा सांगाडा, जे मानुएलचे वैयक्तिक चिन्ह होते. या गोलयंत्रावरूनच चांदीच्या नाण्यास ‘एश्फेरा’ हे नाव पडले. आता आल्बुकर्क हा स्वतः सांतियागो संघाचा मानकरी. १५१५ मध्ये तो मरण पावला तेव्हाही त्याच्या अंगावर त्याच संघाचे वस्त्र चढविण्यात आले होते. अशा माणसाने पाडलेल्या नाण्यावर स्वतःच्या संघाचे चिन्ह नसून राजाच्या संघाचे चिन्ह आहे. आदिलशाही नाण्यांची सवय असलेल्या बाजारपेठेत हा क्रूस प्रथम तांब्याचांदीवर उठलेला ठसा म्हणून अनेकांच्या हाती पडला असेल. प्रवचन ऐकण्यापूर्वी त्यांनी तो मोजून घेतला असेल.

तिसऱ्या जुआंवच्या काळात दोन गोष्टी घडल्या. १५२९ पासून तोमारच्या मठवासीयांची कडक सुधारणा होऊन ते चार भिंतींआड राहणारे संन्यासी बनले; आणि १५५१ मध्ये पोपच्या आज्ञापत्राने ख्रिस्तसंघ, सांतियागो आणि आव्हिस या तिन्ही संघांचे प्रमुखपद पोर्तुगालच्या राजमुकुटास कायमचे जोडले गेले. ही विभागणी मोठी बोलकी आहे. प्रार्थना मठात गेली, पद दरबारात आले. मठ आणि दरबार या दोहोंच्या अंगावर चिन्ह मात्र एकच.

राजाच्या दृष्टीने ही फार सोयीची गोष्ट होती. मानुएलच्या काळात संघाची उत्पन्नाची ठाणी, ज्यांना ‘कोमेंडा’ म्हणत, ४५४ पर्यंत वाढली असे सांगितले जाते. ज्याने आफ्रिकेत किंवा हिंदुस्थानात तलवार गाजविली त्यास कोमेंडा द्यावी, तेवढी योग्यता नसल्यास नुसते वस्त्र आणि थोडे वर्षासन द्यावे, अशी पायरी पडली. जहागीर, इनाम आणि मानाचा पोशाख या तिन्ही गोष्टींचे काम एका संस्थेकडून होऊ लागले. तिजोरी रिकामी असली तरी देण्यासाठी मान शिल्लक असे. पण मान स्वस्त झाला की त्याभोवती कुंपण घालावे लागते, आणि ते कुंपण रक्ताचे होते. १५७० नंतरच्या नियमांनुसार अर्जदाराच्या वंशात यहुदी किंवा मूर रक्त नाही, आणि तो, त्याचा बाप किंवा आजा यांपैकी कोणी हातकामावर पोट भरलेले नाही, याची चौकशी होई. ‘अंतःकरण आणि संघ’ यांच्या नावाने चालणारी लिस्बनची एक राजकीय कचेरी ही चौकशी करी. कारागिराच्या नातवाला ‘यांत्रिक दोष’ लागे. तो बहुधा राजाच्या माफीने आणि पैसा भरून फिटे. यहुदी वंशाचा दोष मात्र सहसा फिटत नसे. जन्मावरून शुद्धाशुद्धता ठरविणारी आणि श्रमाला विटाळ मानणारी ही वंशचौकशी वाचताना भारतीय वाचकाला आपल्याच घरचे काही वाचल्यासारखे वाटेल.

हे नियम येण्यापूर्वीची एक घटना लक्षणीय आहे. १५१३ मध्ये कालिकतच्या सामुतिरी राजाचा माणूस म्हणून लिस्बनला गेलेला एक मलबारी तरुण तेथे ख्रिस्ती झाला आणि मानुएलकडून ख्रिस्तसंघाचे वस्त्र मिळवून परतला. जुआंव द क्रूस हे त्याचे नवे नाव. पुढे पांड्य किनाऱ्यावरील परवर समाजाच्या १५३५ नंतरच्या धर्मांतरात त्याने मध्यस्थी केली. त्याचे नावच क्रूसाचे. व्यवसाय घोड्यांच्या व्यापाराचा. संघाचा क्रूस धारण केलेला एक भारतीय इतक्या लवकर दिसतो. नंतरच्या काळात रक्तशुद्धीच्या कुंपणामुळे असे प्रवेश दुर्मीळ झाले असावेत.

राजा हा संघाचा प्रमुख आणि संघ हा समुद्रापलीकडील प्रदेशांचा धर्माधिकारी, या दोन विधानांची बेरीज म्हणजे ‘पाद्रोआदो’, अर्थात पोर्तुगालच्या राजाचा धर्माश्रयाधिकार. बिशपांची नावे राजाने सुचवावयाची, धर्मदाय दशमांश राजाने गोळा करावयाचा, आणि देवालयांचा व धर्मगुरूंचा खर्च राजाने चालवावयाचा. हा अधिकार पोर्तुगालच्या राजास राजा म्हणून जितका होता तितकाच ख्रिस्तसंघाचा प्रमुख म्हणून होता, ही गोष्ट गोव्याच्या धार्मिक इतिहासात बऱ्याचदा नजरेआड होते. भारतीय भाषांच्या अभ्यासकास ती आवश्यक आहे. १५७९ मध्ये गोव्यास आलेला इंग्रज जेझुइट फादर स्टीफन्स आणि १६१६ मध्ये रायतूर येथे छापलेले त्याचे ओवीबद्ध मराठी क्रिस्तपुराण यांचा ख्रिस्तसंघाशी प्रत्यक्ष संबंध काही नाही. जेझुइटांचा पंथ वेगळा, त्यांचा नियम वेगळा. परंतु ज्या आर्चबिशपाच्या अधिकारक्षेत्रात तो ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याची नेमणूक याच आश्रयाधिकाराखाली होई. ‘पाद्री’ आणि ‘क्रूस’ हे शब्द पोर्तुगीजमधून मराठीत आले, कोंकणीत क्रूसाचा ‘खुरीस’ झाला, तोही याच व्यवस्थेच्या छायेत.

या छायेबाहेर पडण्याचा प्रयत्नही झाला. रोमने १६२२ मध्ये धर्मप्रसारासाठी स्वतःचे स्वतंत्र मंडळ काढले, आणि दिवाडी बेटावरचा ब्राह्मण कुळातील मातेउश द काश्त्रो १६३७ मध्ये या मंडळाच्या पाठिंब्याने बिशप होऊन विजापूरच्या मुलखात आला. त्याला गोव्याच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी मान्यता दिली नाही. प्रश्न श्रद्धेचा नव्हता. वस्त्रे कोणाच्या हातून मिळाली याचा होता. रोमचा बिशप आणि राजाचा बिशप यांच्यातला हा तंटा मुंबईत १९२८ पर्यंत धगधगत राहिला, आणि पोर्तुगालने उर्वरित भारतातील आपला हक्क १९५० मध्ये सोडला.

संघाच्या उत्तरायुष्याविषयी थोडक्यात सांगता येते. १७८९ मध्ये राणी पहिली मारिया हिने तिन्ही संघांची फेररचना केली आणि वरच्या श्रेणींच्या पदकांवर क्रूसाच्या माथ्याशी येशूच्या पवित्र हृदयाचे चिन्ह बसविले. या हृदयाची ती निस्सीम भक्त होती आणि लिस्बनमधील एश्त्रेला देवालय तिने त्यालाच अर्पण केले आहे. फितींचे रंगही ठरलेले होते: ख्रिस्तसंघाची तांबडी, आव्हिसची हिरवी, सांतियागोची जांभळी. राजा मात्र तिन्ही रंगांचा पट्टा एकत्र घाली. १८३४ मध्ये मठ बंद झाले, संघाची मालमत्ता सरकारजमा झाली, आणि वस्त्र या शब्दातला उरलासुरला धर्मार्थ संपला. येथून पुढे ‘पदक’ हाच प्रतिशब्द योग्य ठरेल. १९१० मध्ये प्रजासत्ताकाने ते पदकही रद्द केले. १९१८ मध्ये त्याच प्रजासत्ताकाने ते पुन्हा सुरू केले, हृदयाचे चिन्ह वगळून. आता पोर्तुगालचा राष्ट्राध्यक्ष हा पदसिद्ध प्रमुख असतो आणि राज्याची विशेष सेवा करणाऱ्यांस हा मान देण्यात येतो. सभासदाने कॅथलिक असावे अशी अट नाही.

पोपही आपल्या हक्काने याच नावाचा मान देत असत, आणि त्याबद्दल पोर्तुगालच्या राजांची तक्रार असे. शिल्पकार बर्निनी यास १६२१ मध्ये मिळालेला ‘वीर’ हा किताब या पोपच्या शाखेचा. पुढे ही शाखा पोपचा सर्वोच्च बहुमान बनली, अतिशय मोजक्या लोकांना दिली गेली, आणि तिचा अखेरचा हयात मानकरी बेल्जियमचा राजा बोद्वाँ १९९३ मध्ये मरण पावल्यावर ती रिकामीच पडली आहे.

तोमारचा मठ १९८३ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला. त्याच्या पश्चिमेकडील प्रसिद्ध खिडकीभोवती दगडात कोरलेले दोरखंड, गोलयंत्रे आणि सर्वांच्या माथ्यावर ख्रिस्तसंघाचा क्रूस असे मानुएलच्या काळचे शिल्प आहे. ‘साग्रेश’ या पोर्तुगीज नौदलाच्या शिडांच्या शिक्षणनौकेवर तोच क्रूस रंगविलेला आहे, आणि पोर्तुगालच्या वायुदलाच्या विमानांवरही ओळखचिन्ह म्हणून तोच आहे: तांबड्यात पांढरा.